कोरडी सुरी

अंबाजोगाई म्हटलं की बाहेरच्या माणसाला योगेश्वरी आठवते, मुकुंदराजांची समाधी आठवते, दासोपंतांची पासोडी आठवते. आठवायलाच पाहिजे. पण याच गावच्या शिवारात सुगी आटोपली की पिराला बोललेल्या कंदुऱ्याही होतात. नवस हिंदूचा, बोकड हिंदूचा, पीर मुसलमानाचा आणि सुरी मुलाण्याची. जुन्या गावगाड्यात मुलाण्याचा मान होता तो याच कामाचा.

पिंट्याच्या दाजींची कंदुरी अशीच बोलून राहिलेली. मुलगा आजारातून उठला तेव्हा बोलले होते, आणि मग एक वर्ष पाऊस नाही, एक वर्ष सोयाबीनला भाव नाही, असं करत ती पुढे ढकलली गेली. शेवटी मुहूर्त लागला तेव्हा सगळ्यांत आनंद झाला तो पिंट्याला. त्याला मटणाचं अप्रूप नव्हतं. त्याच्याकडे नवी सुरी आली होती.

पिंट्या गावात मोटारसायकलच्या सुट्या भागांच्या दुकानात कामाला. रात्री दुकान बंद झालं की मोबाईलवर अमेरिकेतल्या शिकाऱ्यांचे व्हिडिओ बघायचा. तिकडे एल्क नावाचं हरीण असतं, नर तीनशे किलोच्या घरात जातो. असलं धूड डोंगरात पडलं की ते उचलून आणता येत नाही. अंगातली ऊब आणि पोटातला चारा मिळून काही तासांत मांस खराब करतात, म्हणून तिथल्या तिथे पोट उघडून आतडी काढायची, कातडं सोडवायचं, मांड्या-फरे वेगळे करून पाठीवर वाहून न्यायचे. हे सगळं एका माणसाने, थंडीत, एका सुरीवर. पिंट्याला त्या सुरीचं वेड लागलं. पोलाद कुठलं, टोक कसं, मूठ कशाची, यावर तो दुकानातल्या गिऱ्हाइकांनाही व्याख्यान द्यायचा.

त्याने मागवलेली सुरी आठ इंची होती. पाठीवर करवतीचे दात, टोकाजवळ पोट फाडायचा आकडा, पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी आणि खोक्यावर ‘दमास्कस’ हा शब्द. इथे थोडं थांबतो. दमास्कसच्या नावाने जगभर गाजलेल्या पोलादाचा मोठा पुरवठा दख्खनमधून व्हायचा. निजामाच्या राज्यातल्या, म्हणजे अंबाजोगाई ज्या राज्यात होती त्याच राज्यातल्या, कोनासमुद्रम गावी मुशीत वितळवलेल्या पोलादाच्या वड्या न्यायला इराणचे व्यापारी येत. आजच्या तेलंगणात, निजामाबाद जिल्ह्यात ते गाव आहे. त्या पोलादाची नक्षी धातूच्या पोटातून यायची. आता या नावाने विकल्या जाणाऱ्या बहुतेक सुऱ्यांत दोन जातींचं पोलाद थरावर थर जोडून नक्षी तेजाबाने उठवलेली असते, आणि स्वस्तातल्या काहींवर तर नुसतीच छापील नक्षी. पिंट्याची कुठली होती ते त्यालाही माहीत नव्हतं. आठ इंची होती हे मात्र बरं झालं. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पातं असेल, आणि ते घरकामाचं, शेतीचं किंवा धंद्याचं नसेल, तर कायदा त्याला हत्यार समजतो.

कंदुरीच्या दिवशी मुलाणी चाचा आपल्या जुन्या एम-एटीवर आले. सत्तरीकडे झुकलेला माणूस, हातावर नसा उठलेल्या. गोणपाटाची वळकटी लिंबाखाली ठेवली, आधी पाणी प्यायले. वळकटीत एक लांब सुरी हलालीची, दोन आखूड, एक सत्तूर आणि निसण्याचा तुकडा. निसणा मात्र त्यांनी बाहेर काढला नाही. धार घरूनच लावून आणली होती. जनावराच्या डोळ्यांदेखत सुरी पाजवायची नाही आणि एका जनावरासमोर दुसरं कापायचं नाही, हा त्यांच्या धर्माचा दंडक. आणि बोथट सुरीने जनावराला छळायचं नाही, हाही. दाजींचे दोन बोकड होते. उस्मानाबादी, काळेभोर. दुसऱ्याला त्यांनी बांधाआड नेऊन बांधायला लावलं.

बोकड टांगल्यावर पिंट्या पुढे झाला. “चाचा, आज ही वापरा.”

चाचांनी सुरी हातात घेतली. उलटीपालटी केली, अंगठा धारेवरून आडवा फिरवला, मूठ पाण्यात बुडवून पुन्हा धरून बघितली.

“पोलाद बरं हाय,” म्हणाले आणि परत दिली.

“मग कामून नको?”

“नको कुठं म्हणलं? घे, एक मांडी तू सोल.”

पिंट्याने सोलायला घेतली. करवतीचे दात कातड्यात अडकले, आठ इंचांचं पातं कुठे संपतं याचा अंदाज मनगटाला येईना, आणि मांडीवरून खाली येईपर्यंत कातड्याला दोन भोकं पडली. चाचा काही बोलले नाहीत. त्यांनी आपली आखूड सुरी घेतली. पातं मधल्या बोटाएवढं, वर्षानुवर्षं घासून निमुळतं झालेलं. खुराच्या वर एक चीर दिली, धार वर ठेवून कातडं आतून बाहेर कापलं. वरून कापलं की केस तुटतात, मांसाला चिकटतात, आणि केसांत बसलेली माती धार खाते. तेवढी चीर झाली आणि चाचांनी सुरी दातांत धरली. पुढचं सगळं मुठीने. कातडं आणि मांस यांच्यामध्ये मूठ घालून दाबत गेले आणि कातडं सदऱ्यासारखं उतरत आलं. पिंट्या बघतच राहिला. व्हिडिओत सुरीच सुरी दिसायची. इथे सुरी बहुतेक वेळ माणसाच्या तोंडात होती.

पोट उघडतानाही तसंच. डाव्या हाताची दोन बोटं आत घालून त्यांनी आतडी मागे दाबली, दोन बोटांच्या मध्ये सुरीचं टोक, धार आपल्याकडे, आणि वरून खाली सावकाश. त्याआधी अन्ननळीला गाठ, मागच्या बाजूला दुसरी. पित्ताची पिशवी काळजापासून अशी सोडवली की थेंब सांडला नाही. ती फुटली तर कडू झालेलं काळीज कुत्रंही खात नाही. सांध्याजवळ आले की टोकाने चाचपायचं, फट सापडली की नुसतं टेकवायचं. सत्तूर शेवटी, चिंचेच्या ओंडक्यावर, तुकडे करायला.

चुआंग त्झु या चिनी तत्त्ववेत्त्याच्या ग्रंथात एक आचारी आहे. एकोणीस वर्षं एकच सुरी, हजारो बैल फोडले आणि धार अजून काल लावल्यासारखी, कारण तो हाडाला लागतच नाही, सांध्याच्या फटीतून जातो. गोष्ट सुंदर आहे. पण ती लिहिणाऱ्याने स्वतः बोकड सोललेला नसावा. केसाला आणि मातीला तत्त्वज्ञान कळत नाही. आमचे चाचा एका बोकडानंतर बांधाआड गेले आणि निसण्यावर सुरी दहा वेळा ओढूनच परतले.

जेवणं झाल्यावर पिंट्याने विषय काढला. “चाचा, मला अशी एक सुरी निवडून द्या.”

“कशाला?”

“मोठं जनावर सोलायचंय. शिकलो की निघंल.”

“कोणतं मोठं जनावर? कुणाचं?”

पिंट्याकडे उत्तर नव्हतं. मोठी शिकार आपल्याकडे संपली त्याला अर्धं शतक होऊन गेलं. चाचांच्या घरात सांगत की गावाचं नाव मोमिनाबाद होतं आणि इथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती, तेव्हा त्यांचे पणजोबा साहेब लोकांनी बालाघाटात मारलेली जनावरं सोलायचे. मग छावणी गेली, निजाम गेला, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने उरलीसुरली शिकारही गेली. चाचांना याचं दुःख होतं असं कधी दिसलं नाही.

“निवडू,” ते म्हणाले. “आधी वजडी धू.”

पिंट्याला वाटलं, थट्टा आहे. नव्हती. त्या हंगामात चाचा जिथे कंदुरीला जायचे तिथे सुट्टी असली की पिंट्या मागे बसून जायचा आणि वजडी धुवायचा. पाय धरायचा, पाणी ओतायचा, कातड्याला मीठ चोळायचा. व्यापारी कातडं उजेडात धरून भोकं मोजतो आणि भाव पाडतो, हे त्याला तिथे कळलं, आणि पहिल्या दिवशी दाजींचं नुकसान नक्की काय झालं तेही. चरबीने लाकडी मूठ साबणासारखी निसटते, म्हणून चाचा मुठीला सुती दोरी गुंडाळतात आणि पात्याकडच्या टोकाला तिचा जाड वेढा ठेवतात. तो नसेल तर हात पुढे घसरतो आणि आपलीच बोटं जातात. घडीचा चाकू चाचांकडे कधीच नव्हता. बिजागरीत रक्त-चरबी बसली की ती निघत नाही आणि दोन दिवसांनी वास मारते.

एकदा पिंट्याने त्यांना पोलादाचं विचारलं. चाचांच्या सुऱ्या ट्रकच्या पाट्याच्या होत्या, घिसाड्याने ठोकून पाणी दिलेल्या. गंजायच्या. रोज रात्री पुसून तेलाचा हात फिरवावा लागायचा. “स्टेनलेस गंजत नाही, धारही टिकती, खरं हाय,” चाचा म्हणाले. “पण गेली की शेतात लवकर येत नाही. ही लवकर जाती आणि लवकर येती. मला घाई आसती, तिला बी.” या बाबतीत दोन मतं असू शकतात. बर्फात, घरापासून दोन दिवसांच्या वाटेवर असलेल्या माणसाला उलट सुरी लागेल. हातात निसणा आणि डोक्यावर ऊन असलेल्याला चाचांची बरी.

आकाराबद्दल मात्र चाचांनी वाद ठेवला नाही. पिंट्या पुन्हा एकदा म्हणाला की बोकडाला ठीक आहे, पण दोनशे किलोच्या धुडाला एवढीशी सुरी कशी पुरेल? चाचांनी गावाकडे बोट केलं. “दवाखान्यात माणसाचं पोट उघडतेत, ते पातं बघितलंस का? बोटाच्या दोन पेरांएवढं. रामानंद तीर्थांच्या नावाच्या कॉलेजात पोरं त्याच्यावरच शिकतेत. जनावर मोठं झालं म्हणून कातडं मैलभर जाड होत नसतं.” आता अमेरिकेतले पुष्कळ शिकारीही तसलंच बदलता येणारं पातं घेऊन फिरतात, हे चाचांना माहीत असण्याचं कारण नव्हतं. पिंट्याला माहीत होतं. तो गप्प बसला.

फाल्गुनात एका सकाळी दाजींच्या शेजारच्या ज्वारीच्या कडेला काळवीट मरून पडलेलं दिसलं. पूर्ण वाढलेला नर, पिळाची शिंगं. बघता बघता पंधरा-वीस माणसं जमली. कुणी म्हणालं कुत्र्यांनी पळवलं, कुणी म्हणालं पाण्यावाचून मेलं. एकाने पोटाला काठी लावून पाहिली. “ताजं हाय,” म्हणाला. तेवढ्या एका वाक्याने माणसांचे चेहरे बदलले. कुणीतरी पिंट्याला फोन केला, कारण त्याची सुरी शिवारात माहीत झाली होती.

पिंट्या आला आणि सुरी घेऊन आला. कायदा त्याला ठाऊक नव्हता असं नाही. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, गुन्ह्याला तीन ते सात वर्षं. जोधपूरच्या न्यायालयाने २०१८ मध्ये एका बड्या नटाला काळविटापायी पाच वर्षांची शिक्षा सुनावली ते सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं होतं. पण मारायचं कुठे होतं? मेलेलंच तर होतं. व्हिडिओतल्यासारखं मोठं जनावर, त्याच्याच शिवारात, त्याच्याच पायाशी. त्याने म्यानाचं बटण काढलं.

तेवढ्यात बांधावर एम-एटी थांबली. चाचा दुसऱ्याच कामाला निघाले होते.

“चाचा, बरं झालं आलात,” एकजण म्हणाला. “तुम्हाला मेलेलं चालत नाही, ठाऊक हाय. खाऊ नका. नुसतं पिंट्याला सोलून दाखवा. कातडं न्या.”

चाचा जवळ गेलेच नाहीत. चार हातांवर उकिडवे बसले आणि नुसतं बघत राहिले. मग उठून वाऱ्याच्या बाजूला गेले, तिथून पुन्हा बसले. काळविटाच्या नाकातून रक्त आलं होतं. काळसर, आणि अजून न गोठलेलं. पोट ढोलासारखं तट्ट. अंगावर कुठे दाताची खूण नाही. मान बघावी तशी ताठलेली नाही.

“मागं व्हा,” ते म्हणाले. “काठी लावली कुणी? जा, हात धू साबणानं. काठी हितंच टाक.”

“काय झालं?”

“फाशी असंल. नसंल बी. मी काय डॉक्टर नाही.”

फाशी म्हणजे काळपुळी, दवाखान्याच्या भाषेत अँथ्रॅक्स. म्हाताऱ्यांना ते नाव माहीत होतं, तरुणांना नव्हतं. चाचा थोडक्यात सांगू लागले. ते पिंट्याएवढे असताना एका वस्तीवर बैल असाच रात्रीत गेला. दोघांनी सोलला. आठवड्यात दोघांच्या हातावर फोड, मग मध्ये काळी खपली, कडेने सूज. एकजण वाचला. आज पेनिसिलीनसारखी औषधं आहेत, वेळेत गेलं तर कातडीची काळपुळी बरी होते. पण जनावर उघडलं की रक्तातल्या जंतूंना हवा लागते आणि त्यांचं बीज बनतं, ते त्या मातीत वर्षानुवर्षं, दशकानुदशकं पडून राहतं. पुढे तिथे चरणारं दुसऱ्याच कुणाचं तरी जनावर मरतं. म्हणून असा संशय असेल तर पशुवैद्यकसुद्धा शवविच्छेदन करत नाहीत. कानाच्या शिरेतून थेंबभर रक्त काचेवर घेतात आणि तेवढ्यावर निदान करतात.

पिंट्याचा हात अजून मुठीवर होता. चाचांनी त्याच्याकडे पाहिलं.

“झाक ती,” म्हणाले. “आणि फोन लाव. तुझ्याकडं सगळे नंबर आसतेत.”

वनरक्षक दुपारी आला, पाठोपाठ पशुधन विकास अधिकारी. तोंडाला कापड, हातात मोजे. कानातून रक्त घेतलं, पंचनामा झाला, पंच म्हणून सही करायला मघाशी ‘ताजं हाय’ म्हणणाराच पुढे आला. संध्याकाळी शिंगांसकट काळवीट तिथेच जाळलं. वनरक्षकाने जाता जाता एक गोष्ट सांगितली, ती पुष्कळांना नवी होती. वन्यप्राणी मेलेला सापडला तरी तो कायद्याने सरकारची मालमत्ता आहे. त्याचं कातडं, शिंग, मांस, काहीही घरात आढळलं तर ‘आपण मारलं नाही’ हे म्हणणं कामाला येत नाही.

काही दिवसांनी तपासणीचा निकाल कळला. काळपुळी नव्हती. काळवीट कशाने मेलं ते नक्की झालं नाही.

पिंट्या थेट चाचांच्या घरी गेला. रागावून गेला असं म्हणता येणार नाही, पण शिवारात लोक हसत होते. मुलाण्याने घाबरवलं, एवढं मोठं जनावर राख झालं.

“चाचा, काहीच नव्हतं की हो.”

चाचा ओट्यावर निसण्यासमोर बसले होते. “नव्हतं ना? बरं झालं,” म्हणाले आणि पाण्याचा शिपका देऊन सुरी ओढत राहिले.

“पण तुम्हाला कसं वाटलं की…”

“मला काय वाटलं नाही. नाकात रक्त दिसलं. दिसल्यावर सुरी काढायची नसती. नंतर काय निघतं ते दवाखान्याचं काम.” मग थोड्या वेळाने, वर न बघता: “तू बटण काढलं होतंस. पण सुरी काढली नाहीस. मी येण्याच्या आधी बी.”

ते खरं होतं. पिंट्यालाही त्याचं कारण सांगता आलं नसतं. बटण काढल्यावर तो आधी आतडी कुठून बांधायची याचा विचार करत होता, मग मागची गाठ, मग पाणी कुठून आणायचं, कातड्याला मीठ किती लागेल. एवढा हंगाम वजडी धुतल्यावर जनावराकडे तो वेगळ्या क्रमाने बघू लागला होता, आणि त्या क्रमात सुरीचा नंबर खाली गेला होता.

पुढच्या आठवड्यात चाचा त्याला गावाबाहेर घिसाड्याच्या पालावर घेऊन गेले. भाता चालू होता. विळे-कोयते शेवटून घ्यायला बायकांची रांग. चाचांनी पिंट्याचा हात पुढे करायला लावला. घिसाड्याने तो बघितला, मुठीची रुंदी सुतळीवर घेतली, मधलं बोट दुसऱ्या सुतळीवर, आणि दोन्ही सुतळ्या कानावर अडकवून पाट्याचा तुकडा भट्टीत सारला. जनावर किती मोठं, हे त्याने विचारलं नाही.

ती सुरी पिंट्याकडे आहे. कंदुरीच्या हंगामात तो आता चाचांच्या मागे बसून जात नाही, स्वतःच्या गाडीवर जातो. हलालीची सुरी चाचांची आणि सोलायची त्याची. दमास्कसही आहे. नारळ सोलायला ती खरोखर चांगली आहे, आणि दाजी ती सारखी मागून नेतात.

तुमच्या शिवारात मेलेलं हरीण, काळवीट, मोर, काहीही दिसलं तर हात लावू नका, काठीही लावू नका, कुत्री हाकला आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. त्याला पैसे पडत नाहीत. नाकातोंडातून रक्त आलेलं गाय-बैल-शेळी दिसली तर तोच नियम, फक्त फोन पशुवैद्यकीय दवाखान्याला.